नदीकाठच्या वनात कुत्र्यासह मुक्काम : कायदा, परिसंस्था आणि पूर्वतयारी

प्रस्तावना

सुट्टीत तंबू घेऊन नदीकाठी जावे आणि घरचा कुत्राही सोबत न्यावा, असे अनेक कुटुंबांना वाटते. दिल्ली राजधानी परिसरात अशी तीन ठिकाणे चटकन डोळ्यांसमोर येतात : यमुनेवरील ओखला पक्षी अभयारण्य, मेरठ-हापूडकडील गंगाकाठचे हस्तिनापूर अभयारण्य आणि ब्रजघाटाजवळचा गंगेचा वाळवंटी पट्टा. कुत्रा कोठे नेता येतो, कोठे नाही आणि त्यामागे कोणते कारण आहे, हे या पाठात आपण पाहू.

१. आधी जागेचा दर्जा ओळखा

नदीकाठचे प्रत्येक वन कायद्याच्या दृष्टीने सारखे नसते.

अभयारण्य : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. पर्यटन, छायाचित्रण, संशोधन अशा कारणांसाठी कलम २८ खाली परवाना मिळतो. परवाना माणसाला मिळतो, म्हणून कुत्र्यालाही मिळाला असे गृहीत धरू नका. याच कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. वन्यप्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तीत येते. कुत्रा नीलगायीमागे धावला, तर 'तो फक्त खेळत होता' हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही.

राखीव वन : येथे भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. कलम २६ नुसार परवानगीविना प्रवेश करणे आणि आग पेटवणे हे गुन्हे आहेत. म्हणजे तंबू आणि शेकोटी या दोन्हींसाठी वन खात्याची परवानगी लागते.

खासगी जमीन : संरक्षित क्षेत्राबाहेरच्या शेतात किंवा शिबिरस्थळी मालकाच्या संमतीने कुत्र्यासह राहणे शक्य असते. कुत्र्यासह मुक्कामासाठी व्यवहारात हाच मार्ग सर्वांत सोपा आहे.

२. कुत्र्यामुळे नेमके काय बिघडते?

(अ) घरटी : उन्हाळ्यात गंगेचे पाणी ओसरले की वाळूची बेटे उघडी पडतात. पाणचिरा, नदी सुरय आणि नदी टिटवी हे पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात. कासवेही याच वाळूत अंडी पुरतात. अंड्यांचा रंग वाळूसारखा असल्याने माणसाला ती दिसत नाहीत, पण कुत्र्याला वासाने सापडतात. कुत्र्याने अंड्याला तोंड लावले नाही, तरी धोका टळत नाही. घाबरलेला पक्षी घरट्यावरून उठला की दुपारच्या उन्हात अंडी तापतात आणि आतले पिल्लू मरू शकते. ब्रजघाट ते नरोरा हा गंगेचा पट्टा २००५ पासून रामसर स्थळ आहे. तेव्हा साधारण फेब्रुवारी ते जून या काळात कुत्र्याला वाळूच्या बेटांवर नेऊच नये.

(आ) रोग : कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू कुत्र्याकडून कोल्हा, लांडगा आणि मार्जार कुळातील प्राण्यांकडे जाऊ शकतो. १९९४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. तेथे आसपासच्या गावांतील कुत्र्यांकडे बोट दाखवले गेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांपैकी काहींत हा विषाणू आढळला. आपल्या कायद्यातील कलम ३३-अ अभयारण्याच्या परिसरातील पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद करते. मात्र 'पशुधन' या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, घोडा अशी नावे आहेत, कुत्र्याचे नाही. म्हणून कुत्र्याच्या लसीची जबाबदारी शेवटी मालकावरच येते.

(इ) उलट दिशेचा धोका : वन्यप्राण्यापासून कुत्र्यालाही धोका असतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के, निघाला. मेरठ-बिजनौर पट्ट्यातही उसाच्या शेतांत बिबटे राहतात. तंबूबाहेर बांधलेला कुत्रा हे बिबट्यासाठी सोपे भक्ष्य ठरते.

३. पाणी आणि पूर

वझिराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा सर्वांत प्रदूषित आहे. तेथे कुत्र्याला पोहू किंवा पाणी पिऊ देऊ नये. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

पावसाळ्यात पूरमैदानात तंबू टाकू नये. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. हथनीकुंड बंधाऱ्यातून सुटलेले पाणी दिल्लीला पोहोचायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून दिल्लीत आकाश निरभ्र असले, तरी वरच्या भागातील पावसाची आणि विसर्गाची बातमी पाहावी.

४. निघण्यापूर्वीची तयारी

• रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसची लस घेतल्याची नोंदवही सोबत ठेवा. प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून लस किमान महिनाभर आधी द्या.
• गोचिडांवरचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने आधीच द्या. परतल्यावर कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत तपासा. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रोग गोचिडांमुळेच होतात.
• कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. त्यामुळे मे-जूनमधली सहल टाळा आणि नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडा.
• दिवसा कुत्रा दोरीवर, रात्री तंबूच्या आत. मोकळा कधीच सोडू नका.
• विष्ठा पिशवीत भरून परत आणा. तीतून जंत आणि विषाणू पसरतात.
• जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

सारांश

जागेचा दर्जा, ऋतू आणि लस या तीन गोष्टी तपासल्यावरच बेत ठरवावा. जागा अभयारण्यात येत असेल, तर कुत्र्याला घरी ठेवणे हेच योग्य. ती त्याबाहेरची असेल, तर दोरीला बांधलेला, लस घेतलेला कुत्रा नदीकाठी आनंदाने फिरू शकतो आणि वाळूतली अंडीही सुरक्षित राहतात.

स्वाध्याय

१. कुत्र्याने स्पर्श न करताही घरट्याचे नुकसान कसे होते, ते स्पष्ट करा.
२. कलम ३३-अ असूनही कुत्र्याच्या लसीची जबाबदारी मालकावर का येते?
३. तुमच्या जवळच्या नदीकाठची एक जागा निवडा. तिचा कायदेशीर दर्जा शोधा आणि तेथे कुत्रा नेण्यास योग्य महिने कोणते, ते कारणांसह लिहा.