गोधडीला माया आहे, मोल कधी मिळणार?

सुगी उरकली, रानातली कामे हलकी झाली की उन्हाळ्यात गावोगावच्या ओसरीवर जुन्या लुगड्यांची गठुडी सुटतात. कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. पावसाळ्याच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण शिवून ठेवायचं, ही बायाबापड्यांची जुनी रीत. त्यातच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असली, तर बाळंतविड्याची गडबड वेगळीच! झबली, टोपरी, कुंची, लंगोट आणि आजीच्या लुगड्याचं दुपटं. लेक सासरी निघताना बाळाबरोबर हा बाळंतविडा जातो.

बाळाला जुनं कापड घालण्यामागे नुसती हौस नाही. कोऱ्या कापडातली खळ नाजूक कातडीला टोचते. शेकडो वेळा धुतलेलं सुती लुगडं मऊ झालेलं असतं, घाम व ओल शोषून घेतं, धुतलं की लवकर वाळतं. पण आज अडचण झाली आहे ती इथेच. घरोघरी नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. नऊवारी सुती लुगडी आणि धोतरं आजी-आजोबांबरोबर गेली. त्यामुळे आता दुपटीही त्याच चकचकीत साड्यांची होऊ लागली आहेत. ही साडी घाम शोषत नाही. शिवाय बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. ठिणगी पडली तर असं कापड वितळून अंगाला चिकटतं. म्हणून बाळाचे कपडे सुतीच हवेत. जुनी लुगडी भांडीवालीला देऊन टाकण्याआधी दोन-चार बाजूला ठेवावीत.

बाळाचं शिवताना आणखी काही पथ्यं पाळावीत. कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावं. मणी, टिकल्या, सुटी बटणे लावू नयेत. ती बाळाच्या तोंडात जातात. दुपटं पातळ ठेवावं. झोपेत ते बाळाच्या तोंडावर येणार नाही, याकडे लक्ष द्यावं. जाड वाकळ मोठ्यांसाठी.

आता या कामाचं मोल बघू. खाली एक लुगडं, वर दुसरं, मध्ये जुनी धोतरं, सदरे आणि ठिगळं असे थर लावून धावदोरा घालायचा. सात फूट लांब, पाच फूट रुंद वाकळ धरा. बोटभर, म्हणजे सुमारे दोन सेंटीमीटर अंतराने टाके घातले, तर ७५ ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फुटांची. म्हणजे ५२५ फूट शिलाई, तीही हाताने! रोज तीन तासांप्रमाणे पंधरा दिवस बसलं, तर ४५ तास झाले. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर साडेपाच दिवसांहून जास्त मजुरी. खुरपणीला जाणारी बाई साडेपाच दिवसांचा रोज सोडेल काय? मग शिवणारीनेच का सोडावा? पण कापड गिऱ्हाइकाचं, सुई-दोरा आपला आणि मजुरी द्याल ती, असा व्यवहार बऱ्याच ठिकाणी चालतो.

घरच्या नातवासाठी शिवताना हिशेब नको, ती मायाच. पण दुसऱ्यासाठी शिवताना दोऱ्याचा खर्च वेगळा, तासांची मजुरी वेगळी धरून भाव आधी ठरवावा. एकटीने भाव मागायला जड जातं. बचत गटाने मिळून ठरवला तर कुणी पाडून मागत नाही. राज्यात २०११ पासून ‘उमेद’ अभियानातून गटांची बांधणी झाली आहे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांचा माल विकला जातो. दुपटं, झबलं, टोपरं, कुंची असा पुरा सुती बाळंतविडा बांधून ठेवला, तर शहरातल्या गिऱ्हाइकालाही तो हवासा वाटेल.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही यात लक्ष घालावं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी असते. नियमात बसवून त्यातून सुती कापड, कात्र्या, प्रशिक्षण यांची सोय करता येईल का, हा विषय ग्रामसभेत मांडावा. गावातल्या जाणत्या बायांनाच शिकवायला बसवावं. त्यांच्या हातातला टाका कुठे लिहून ठेवलेला नाही. त्या आहेत तोवरच सुना-लेकींनी तो उचलला पाहिजे.