हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र

उडत्या विमानातून सोडले जाणारे व हवेतीलच दुसऱ्या विमानाचा वेध घेणारे क्षेपणास्त्र म्हणजे हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र होय. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सेबर विमानांनी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे वापरून चीनची मिग-१७ विमाने पाडली. हवाई युद्धातील मार्गदर्शित क्षेपणास्त्राचे हे पहिले यश होते.

कार्यपद्धती

कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे बहुधा इंजिनाच्या उष्णतेतून निघणाऱ्या अवरक्त किरणांचा माग घेतात. १० ऑगस्ट १९९९ रोजी भारतीय मिग-२१ विमानाने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान अशाच आर-६० क्षेपणास्त्राने पाडले. दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे मुख्यतः रडारचा आधार घेतात. डीआरडीओने विकसित केलेले 'अस्त्र' आरंभी विमानाकडून मिळणाऱ्या माहितीनुसार मार्ग सुधारते व अखेरच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधते. नाशिकजवळील ओझर येथे बांधणी होणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानावर ते बसवले जाते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी गोव्याच्या किनाऱ्यालगत तेजस विमानातून सुमारे २०,००० फूट उंचीवरून त्याची यशस्वी चाचणी झाली.

पल्ला

अस्त्र मार्क-१ चा कमाल पल्ला सुमारे ११० किमी सांगितला जातो. नांदेड व लातूर यांमधील सरळ रेषेतील अंतर साधारण तेवढेच आहे. तथापि नांदेडवरील विमान लातूरवरील कोणतेही विमान हमखास पाडू शकेल, असा याचा अर्थ नव्हे. कमाल पल्ला हा अधिक उंचीवर, समोरून येणाऱ्या लक्ष्यासाठी असतो. क्षेपणास्त्राचे इंधन थोड्याच वेळात संपते. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर होतो. लक्ष्याने पाठ फिरवून पळ काढल्यास, किंवा कमी उंचीवरील दाट हवेत, परिणामकारक पल्ला बराच घटतो.

शत्रू-मित्र ओळख

डोळ्यांना न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करताना ते शत्रूचेच आहे, याची खात्री करणे अत्यावश्यक असते. त्यासाठी सांकेतिक संदेशांची देवाणघेवाण करणारी यंत्रणा विमानांवर असते. जमिनीवरून होणाऱ्या माऱ्यालाही हाच नियम लागू आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरवर हवाई चकमक चालू असताना बडगाम येथे भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर स्वपक्षाच्याच जमिनीवरील क्षेपणास्त्राने पडले. त्यात हवाई दलाचे सहा जण व एक नागरिक मृत्युमुखी पडले; नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे त्यांपैकी एक होते.