पाणी अडलं कुठे?

मोटर घरघरतेय. नळ सोडलाय, पाइप जोडलाय, गनचा खटका घट्ट दाबून धरलाय. आणि समोरून येतात फक्त चार थेंब! पावसाळा सरला की अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ काढायला किंवा चिखलाने माखलेली स्कूटर धुवायला प्रेशर वॉशर माळ्यावरून खाली येतं आणि नेमकं तेव्हाच रुसून बसतं. मग घरातले सगळे गनकडे बघत बसतात, कारण पाणी तिथून यायला हवं ना! तुम्ही मात्र मशीनच्या मागे जा, जिथून पाणी आत शिरतं तिथे. बहुतेक वेळा चोर तिकडेच सापडतो.

असं का? त्यासाठी आधी मशीनच्या पोटात डोकावू. घरच्या मशीनमध्ये साधारण बोटाएवढे जाड तीन दट्टे असतात, म्हणजे पिस्टन. मोटर एक तिरकी बसवलेली चकती गरगर फिरवते. चकती तिरकी असल्यामुळे फिरताना ती एकेका दट्ट्याला आत ढकलते आणि स्प्रिंग त्याला परत मागे आणते. प्रत्येक दट्ट्यापाशी दोन झडपा. एकीतून पाणी फक्त आत येतं, दुसरीतून फक्त बाहेर जातं. दट्ट्या मागे सरला की पहिली उघडते, पुढे आला की दुसरी. बस्स, एवढंच यंत्र!

पण याची ताकद बघा. मशीनवर ‘100 बार’ असं काहीतरी छापलेलं असतं. आपल्या सगळ्यांवर हवेचा जो दाब असतो तो साधारण 1 बार. 100 बार म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ शंभर किलोंचा भार. एवढ्या दाबाचं पाणी गनच्या टोकाला असलेल्या नोझलच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या भोकातून सुटतं तेव्हा त्याचा वेग होतो ताशी सुमारे पाचशे किलोमीटर! धो धो पावसातला मोठ्यात मोठा थेंबसुद्धा ताशी तीसेक किलोमीटरनेच खाली येतो. म्हणूनच ही धार कातडी फाडू शकते. गन कुणावर, अगदी गमतीतही रोखायची नाही आणि पाणी येतंय का ते बघायला बोट पुढे धरायचं नाही. मशीनला हात लावताना मोठं माणूस सोबत हवं आणि काहीही उघडण्याआधी प्लग काढलेला हवा.

आता एवढं बलवान मशीन हरतं कुणापुढे? हवेपुढे!

खरं वाटत नसेल तर एक प्रयोग करा. सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. तिच्यात हवा ओढा, टोकावर अंगठा दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. आत गेला ना? सोडा. टुणकन मागे आला! आता तिच्यात पाणी भरा, एकही बुडबुडा ठेवू नका आणि पुन्हा ढकला. कितीही जोर लावा, दट्ट्या जागचा हलत नाही. पाणी दाबलं जायला तयारच नसतं. शंभर बार दाबाखालीही ते अर्ध्या टक्क्याहून कमी आकसतं. हवा मात्र त्याच दाबाखाली शंभराव्या हिश्शाएवढी होते.

आता समजा, माळ्यावर कोरड्या पडलेल्या पंपात हवा भरून राहिलीय. दट्ट्या पुढे आला की हवा नुसती दबते, बाहेरची झडप उघडण्याइतका जोर तिच्यात येत नाही. दट्ट्या मागे गेला की तीच हवा फुगून सगळी जागा व्यापते, मग पाण्याला आत यायला जागाच उरत नाही. दट्टे बिचारे सेकंदाला कित्येक वेळा पुढेमागे करतात आणि तीच ती हवा दाबत-सोडत राहतात. मोटरचा आवाज येतो, पाणी येत नाही.

उपाय सोपा आहे. मशीन बंदच ठेवायचं. पाइप जोडून नळ पूर्ण सोडायचा आणि खटका दाबून धरायचा. आधी फुस्स फुस्स होतं, पाणी अडखळत येतं, मधूनच बुडबुडे फुटतात. ते थांबून शांत, सलग धार लागली की हवा गेली असं समजा. आता बटण दाबा. पाणी नसताना मात्र मोटर उगाच चालवत ठेवू नका. दट्ट्यांभोवतीची रबरी सीलं पाण्यामुळेच थंड आणि ओलसर राहतात, कोरडी फिरली की ती खराब होतात.

हवा काढली, तरी पुन्हा पुन्हा शिरतेय? मग पाइपचा जोड तपासा. आतला रबरी वॉशर चिरलेला असेल किंवा जोड सैल असेल, तर नळाला जोर कमी असताना तिथून पाणी बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते! जमिनीवर एक थेंबही पडत नाही, त्यामुळे हा बिघाड पटकन लक्षातच येत नाही. मला तरी सगळ्यांत चतुर चोर हाच वाटतो.

आणखी एक गंमत. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो फक्त जागा मोकळी करतो. त्या जागेत पाणी ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. साध्या पंपाने पाणी दहाएक मीटरपेक्षा वर चढत नाही, हे गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या पुस्तकात नोंदवलं होतं. त्यामागे हवेचं वजन आहे, हे पुढे त्याचा शिष्य टॉरिचेली याने दाखवून दिलं. म्हणून मशीनला पाणी मिळतंय किती, हे आधी बघायचं. पाइप काढून नळ बादलीत सोडा. घरच्या मशीनला मिनिटाला सहा-सात लिटर तरी पाणी हवं. बादली रडतखडत भरत असेल, तर मशीनला दोष देऊ नका. पाइपला कुठे पीळ पडलाय का, खुर्चीचा पाय त्यावर आलाय का, तेही बघा.

पाइप जोडतो तिथे आत बारीक जाळी असते. ती काढून उजेडात धरा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर रेती, गंजाचे कण आणि क्षारांचा पांढरा थर हमखास दिसेल. जुन्या टूथब्रशने हलकेच घासून धुवा आणि आठवणीने परत बसवा. ‘जाळीच नको, म्हणजे पाणी भरपूर येईल’ असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. रेतीचा एक कण झडपेत अडकला तरी ती नीट मिटत नाही आणि मग दाब तयारच होत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या मशीनमध्ये क्षारांमुळे झडपा चिकटूनही बसतात. ते काम मात्र मेकॅनिकचं.

आणि नोझल? तेही तुंबतं, पण त्याची खूण वेगळी. पाणी आत भरपूर येतंय, पण बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे मशीनचा आवाज बदलतो, गन हातात धक्के देते आणि धार एका बाजूला फाकते. प्लग काढा, नळ बंद करा, खटका दाबून आतला दाब सोडून द्या आणि मगच नोझल काढा. बारीक पिनेने भोक मोकळं करा आणि बाहेरच्या बाजूने नळाचं पाणी सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जाईल.

गच्चीवर मशीन लावणाऱ्यांसाठी एक गणित. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे 1 बार दाब मिळतो. टाकीतलं पाणी नळापेक्षा दीड मीटरच उंच असेल, तर दाब किती? आणि तीन मजले खाली, अंगणातल्या नळाला किती? पट्टी घ्या, मोजा आणि मशीन कुठे लावायचं ते घरच्यांना तुम्हीच सांगा.