मूस आणि मोझाइक



पुण्यातील एखाद्या घरातला थोरला मुलगा न्यू जर्सीत आणि धाकटी मुलगी टोरांटोत, हा प्रकार आता नवलाचा राहिलेला नाही. काही वर्षांनी दोघेही तिथले नागरिक होतात आणि त्या दिवशी दोघांना शपथ घ्यावी लागते. थोरल्याची शपथ अशी की, आजवर ज्या परकी राजाशी वा राज्याशी माझी निष्ठा होती तिचा मी पूर्ण त्याग करतो आणि अमेरिकेच्या राज्यघटनेचे रक्षण करीन. धाकटीच्या शपथेत त्यागाचा शब्दच नाही. ती म्हणते, कॅनडाचे राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांचे वारस यांच्याशी मी एकनिष्ठ राहीन. एकाच आईबापांची मुले. एकाने राजा सोडला, दुसरीने राजा धरला! (आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, म्हणून भारताचे नागरिकत्व दोघांचेही जाते, ही गोष्ट वेगळी.)

बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन्ही राष्ट्रे एकसारखी दिसतात. भाषा बहुतांशी एक, राहणी एक, मोटारी आणि दुकानेही तीच. मग फरक कोणता असे विचारले, की एक ठरावीक उत्तर मिळते : अमेरिका ही मूस आहे, तीत सगळे धातू वितळून एक होतात, कॅनडा हे मोझाइक आहे, त्यात प्रत्येक तुकडा आपला रंग राखून असतो. मुशीची उपमा रूढ केली ती इझ्राएल झँगविल यांच्या 1908 सालच्या नाटकाने. आणि गंमत म्हणजे हे गृहस्थ लंडनचे. मोझाइकची उपमा 1938 साली आपल्या पुस्तकाच्या नावातच घालून प्रचारात आणली जॉन मरे गिबन यांनी. ते कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे प्रसिद्धी-अधिकारी होते. रेल्वेला उतारू हवे असतात आणि रंगीबेरंगी देश पाहायला उतारू येतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

उपमा सुबक आहे, पण ती कारण सांगत नाही. कारण शोधायला 1774 सालापर्यंत मागे जावे लागते. फ्रेंचांची वसाहत 1763 च्या तहाने इंग्रजांच्या हाती आली होती. तिथे सुमारे सत्तर हजार फ्रेंच कॅथलिक राहत होते आणि इंग्रज मूठभर होते. दक्षिणेकडच्या तेरा वसाहती तर कुरबुरू लागल्या होत्या. अशा वेळी इंग्लंडच्या पार्लमेंटाने क्वेबेकचा कायदा केला. फ्रेंचांचा धर्म त्यांना मोकळा ठेवला, दिवाणी कायदा फ्रेंच पद्धतीचाच राहू दिला, आणि कॅथलिकांना सरकारी अधिकारपदेही खुली केली. खुद्द इंग्लंडात कॅथलिकांना पार्लमेंटात बसायला 1829 साल उजाडावे लागले. इंग्रजांना एकाएकी औदार्याचा उमाळा आला होता असे नव्हे. त्यांना हे लोक गिळता येत नव्हते, म्हणून त्यांनी सौदा केला.

आता पुढची मौज पाहा. दोनच वर्षांनी, 1776 साली, अमेरिकनांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. राजाच्या अपराधांची जी लांबलचक यादी त्यात आहे, तीत हा क्वेबेकचा कायदाही एक अपराध म्हणून नोंदलेला आहे! शेजारच्या प्रांतातली इंग्लिश कायद्याची मुक्त पद्धती मोडून तिथे राजाने मनमानी राज्य उभारले, ही त्यांची तक्रार. एका देशाच्या सहिष्णुतेचा जो पहिला दस्तऐवज, तोच दुसऱ्या देशाच्या बंडाचे एक कारण ठरला. मला तर वाटते, दोन्ही देशांचा पुढचा इतिहास या एका विरोधात बीजरूपाने आहे.

अमेरिकन राष्ट्र तत्त्वावर उभे राहिले. सर्व माणसे समान आहेत, हे जो मानील तो अमेरिकन. हे तत्त्व कोणालाही स्वीकारता येते, त्याला कूळ लागत नाही. ही त्या राष्ट्राची मोठी ताकद, आणि तीच त्याची अडचणही. राष्ट्रीयत्व हा श्रद्धेचा विषय झाला, की पाखंडी शोधणे ओघाने आलेच. 'अ-अमेरिकन' कारवायांचा तपास करणारी समिती तिथल्या प्रतिनिधिगृहाने 1938 साली नेमली आणि ती 1975 पर्यंत निरनिराळ्या रूपांत चालली. 'अ-कॅनेडियन' कारवायांची समिती नेमायची म्हटली, तर समितीने नेमके काय शोधावे यावरच कॅनडात वाद झाला असता!

कॅनडा बनला तो तत्त्व नाकारणाऱ्यांचा. अमेरिकन क्रांती फसावी असे ज्यांना वाटत होते, ते चाळीस हजारांवर राजनिष्ठ लोक घरेदारे सोडून उत्तरेला गेले. तिथे आधीच राहणाऱ्या फ्रेंचांनाही ही क्रांती आपली वाटली नव्हती. एक राजाचे म्हणून आणि दुसरे धर्माचे व भाषेचे म्हणून वेगळे राहिले. 1867 साली संघराज्य झाले, तेव्हा संसदेत आणि संघाच्या न्यायालयांत दोन्ही भाषांना जागा द्यावी लागली. मात्र 'आम्ही कोण' या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. 1947 पर्यंत कॅनडाचे वेगळे नागरिकत्व नव्हते, आणि मेपलच्या पानाचा ध्वज आला तो 1965 साली.

पण कॅनडाच्या या शहाणपणाची आरती ओवाळण्यापूर्वी व्हँकुव्हरच्या बंदरात जाऊन यावे. 1914 च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' हे जहाज 376 हिंदी उतारू घेऊन तिथे आले. ते सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, बहुतेक पंजाबी शीख. मायदेशापासून थेट, वाटेत न थांबता आलेल्यालाच प्रवेश, असा नियम कॅनडाने 1908 सालीच करून ठेवला होता, आणि हिंदुस्थानातून तसे थेट येणे जवळजवळ अशक्य होते. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. हेतू मात्र तोच होता. दोन महिने जहाज अडवून ठेवले आणि पूर्वीचे काही रहिवासी वगळता सगळ्यांना परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल क्षमा मागितली ती 2016 साली. अमेरिकेने तरी काय केले? पहिल्या महायुद्धात तिच्याच सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांना तिच्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 साली, तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असे सांगितले. समतेचा जाहीरनामा होता, पण नागरिकत्वाचा कायदा त्याला जुमानीत नव्हता.

जपान्यांच्या बाबतीत तर मोझाइक आणि मूस यांत निवड करणे कठीण. 1942 साली अमेरिकेने सुमारे 1,20,000 आणि कॅनडाने सुमारे 22,000 जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढले. अमेरिकेने त्यांना 1945 साली पश्चिम किनाऱ्यावर परतू दिले. कॅनडाने त्यांची मालमत्ता विकून टाकली आणि 1949 पर्यंत परतू दिले नाही. दोन्ही सरकारांनी क्षमा मागितली ती मात्र एकाच साली, 1988 मध्ये. शिवाय मूळच्या रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबायची, त्यांची भाषा विसरायला लावायची, हे दोन्ही देशांनी केले. कॅनडात अशी दीड लाखांवर मुले होती. ज्या देशाला फ्रेंच वितळवता आले नाहीत, त्याने दुर्बळांसाठी मूस पेटती ठेवलीच होती. जॉन पोर्टर या कॅनेडियन समाजशास्त्रज्ञाने 1965 साली आपल्या ग्रंथाला 'उभे मोझाइक' असे नाव दिले, कारण तुकडे शेजारी शेजारी नव्हते, एकावर एक होते.

मग आजचे बहुसंस्कृतीचे धोरण आले कोठून? पुन्हा सौद्यातूनच. साठीच्या दशकात क्वेबेक खवळला, म्हणून सरकारने 1963 साली द्विभाषा आणि द्विसंस्कृती यांवर आयोग नेमला. तेव्हा पश्चिमेकडचे युक्रेनियन विचारू लागले : संस्कृती दोनच कशा? मग आम्ही कोण? 1971 च्या ऑक्टोबरात पंतप्रधान पिअर त्रुदो यांनी तोड काढली. भाषा सरकारी दोन, पण सरकारी संस्कृती एकही नाही. 1982 च्या हक्कांच्या सनदेत आणि 1988 च्या कायद्यात हीच भूमिका पक्की झाली. याचे दृश्य फळ असे की, 1990 साली घोडेस्वार पोलिसदलात शीख शिपायाला फेटा बांधायला परवानगी मिळाली. तीही सहजासहजी नव्हे. विरोधाच्या अर्जांवर हजारोंनी सह्या केल्या होत्या.

ज्या क्वेबेकमुळे हे सारे घडले, त्यालाच हे धोरण पसंत नाही. आम्ही एका राष्ट्राचे संस्थापक, आम्हांला युक्रेनियनांच्या रांगेत बसवले, असे तिथे वाटते. 1995 साली फुटून निघण्याच्या प्रश्नावर तिथे मतदान झाले तेव्हा देश शेकडा एकाहून किंचित अधिक मतांच्या फरकाने वाचला. 2019 साली त्याच प्रांताने नव्याने नेमलेल्या सरकारी शिक्षकांना फेटा, हिजाब वा क्रूस घालण्यास मनाई करणारा कायदा केला.

कॅनडाच्या समजूतदारपणाला भूगोलाचाही हात आहे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला श्रीमंत शेजारी. येणारा माणूस बहुधा निवडून घेतलेला असतो. 1967 पासून शिक्षण, भाषा, वय यांचे गुण मोजून. 2021 च्या शिरगणतीत शेकडा 23 लोक परदेशात जन्मलेले निघाले. अमेरिकेत हे प्रमाण शेकडा 14 च्या आसपास. पण घरे महागली, भाडी भिडेनाशी झाली, तेव्हा 2024 मध्ये कॅनडानेही येणाऱ्यांची संख्या कमी करण्याचे जाहीर केले.

कॅनडाला अस्मिताच नाही, असे म्हणण्याची पद्धत कॅनडातच फार. 2025 साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी, कॅनडाने आमचे 51 वे संस्थान व्हावे, असे वारंवार बोलून दाखवले. तेव्हा प्रांतोप्रांतीच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारूच्या बाटल्या उतरल्या, क्वेबेकमध्येसुद्धा. त्याच वर्षी 27 मे रोजी राजे चार्ल्स ओटावाला आले आणि त्यांनी इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत संसदेचे उद्घाटनाचे भाषण वाचले. त्यात आरंभीच त्यांनी सांगितले की, आपण जिथे जमलो आहोत ती भूमी अल्गॉन्क्विन अनिशिनाबे लोकांची आहे आणि त्यांनी ती कधी सोडून दिलेली नाही.