आमची पहिली एल. ई. डी. बॅटरी

रात्रीं पिकास पाणी देणाऱ्या बागाइतदारास हातांतील बॅटरीचें मोल निराळें सांगावयास नको. जुन्या बॅटरींतील दिवा म्हणजे कांचेच्या फुग्यांतील तापलेली तार; बॅटरी बांधावर आपटली कीं ती तुटे, आणि सेल उतरले कीं उजेड तांबूस होत होत विझे.

जपानांतील निचिया कंपनींत शुजी नाकामुरा यांनीं १९९३ सालीं प्रखर निळी एल. ई. डी. सिद्ध केली. तीवर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर चढविला म्हणजे दोन्ही मिळून डोळ्यांस पांढरें दिसतें. असा दिवा त्याच कंपनीनें १९९६ त बाजारांत आणिला. त्यास तीन व्होल्टांहून अधिक दाब लागे, म्हणून साध्या बॅटरींत दोहोंऐवजीं तीन सेल आले.

आम्ही आमची पहिली बॅटरी २००४ सालीं तालुक्याच्या बाजारांत घेतली. उजेड चार पावलांपलीकडे पोंचत नसे. वडिलांनीं तिला काजवा म्हटलें, तें खोटें नव्हतें. शिवाय त्या निळसर उजेडांत तांबडा अंश थोडा. माती, पाचट आणि घोणस, सर्व एकाच राखट रंगाचें दिसे. एके रात्रीं उसाच्या सरींत आम्ही पाऊल टाकणार, तोंच पाचट हललें! पुढें काठी आपटल्यावांचून आम्ही सरींत उतरत नसूं. तरी बॅटरी मात्र तीच नेत असूं. पहांटें पंप बंद करून घरीं येईपर्यंत ती विझत नसे.

गेल्या दिवाळींत तींत नवे सेल घातले. उजेड अजून तसाच निळा आहे.