संध्याकाळी सहापर्यंतची तयारी

पहाटे 5.30

दारू सोडून पहिलाच आठवडा चालू असलेल्या माणसाला झोप लागत नाही. वर्षानुवर्षं दारूनंच झोपवलं, आता मेंदूला आपणहून झोपायला शिकायचं असतं, आणि त्याला काही आठवडे जातात. त्यामुळे माझा दिवस ‘सर, उठलात का?’ अशा मेसेजनं सुरू होतो. ‘उठलो. चहा घे, सोबत काहीतरी खा,’ एवढंच उत्तर. पोट रिकामं असलं की तल्लफ जास्त छळते.

मी पुण्यात सोबर कोच म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. स्वतः पिऊन बाहेर पडलेला माणूस आहे. पिणाऱ्यानं पिणाऱ्याला हात द्यावा, ही रीत 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून रुजली आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही बरे झालेले पेशंटच पुढे समुपदेशक झाले. एए मधला स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हात देणारा जुना सभासद, पैसे घेत नाही, मी घेतो. हा फरक मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. ज्याला फी परवडत नाही त्याला एए च्या मीटिंगचा पत्ता देतो. तिथे पैशावाचून कुणाचं अडत नाही.

सकाळी 7

“सर, काल दुपारपासून बंद. कायमची! पण हात लटपटतायत, घाम सुटलाय.” मागून बायकोचा आनंदी आवाज येतोय. मला मात्र भीती वाटते. रोज खंबा संपवणाऱ्यानं एकदम थांबवली की सहा-आठ तासांत कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भ्रम. नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे चालतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात दगावू शकतो. ‘मनावर घेतलं की सुटते’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे ठाऊक नसतं. मी एकच सांगतो, “वहिनी, रिक्षा करा, आत्ता दवाखान्यात न्या. किती प्यायचे ते डॉक्टरांना खरं सांगा, निम्मं करून सांगू नका.” तिथे कंप आवरणारी औषधं मिळतात, बी-1 जीवनसत्त्व टोचतात. माझं काम डिटॉक्स झाल्यावर सुरू होतं.

सकाळी 10.30

समोर बसलाय तो चाकणला मशीनवर काम करणारा, तिशीतला. ‘दारू वाईट’ हे त्याला माझ्याइतकंच पाठ आहे, म्हणून त्यावर बोलतच नाही. विचारतो, “कंपनीची बस कुठे सोडते? तिथून घर किती लांब? मध्ये वाइन शॉप किती? खिशात पैसे किती असतात?” आम्ही कागदावर रस्ता काढतो. एक स्टॉप आधी उतरायचं, मागच्या गल्लीनं जायचं. पगाराच्या दिवशी भाऊ गेटवर येणार. मोबाइलमधून पैसे भरायचं अ‍ॅप काही महिने बायकोच्या फोनवर. त्याला लाज वाटते. वाटू दे. ‘मी कंट्रोलमध्ये राहीन’ या वाक्यापेक्षा रिकामा खिसा भरवशाचा.

मग पुढच्या धोक्याच्या तारखा. आषाढ संपताना गटारी, मेव्हण्याची हळद, 31 डिसेंबर. हळदीत ग्लास पुढे आला तर काय म्हणायचं, हे मी त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतो. “गोळ्या चालू आहेत” हे खपतं. “सोडली” म्हटलं की चार जण सोडवण्याच्या नव्हे, पाजण्याच्या पैजा लावतात.

दुपारी 1

“ताई” म्हणून फोन घेतो, कारण या वेळी बहुतेक बायकाच बोलतात. नवरे कामावर असतात. आजचा प्रश्न नेहमीचाच. जाहिरातीतली, ‘रुग्णाच्या नकळत’ द्यायची पावडर आमटीत घालू का? अजिबात नको. पावडरीत काय आहे ते कुणी सांगत नाही. आणि डायसल्फिराम असेल, तर वरून दारू पोटात गेल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या दुखणेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो, हे त्याला कळलेलं असलं पाहिजे.

तिला पुढे सांगतो, “त्याच्या बाटल्या शोधू नका, त्याच्या साहेबाला ‘ताप आलाय’ म्हणून फोनही करू नका.” दुसरं ऐकून ती गप्प होते.

दुपारी 3

नोंदी, एक चक्कर, वामकुक्षी.

संध्याकाळी 6 ते 8.30

दिवसभर केलं ते सगळं या अडीच तासांसाठी. शिफ्ट सुटते, दिवे लागतात, अंगाला सवयीची वेळ कळते. फोन एकामागून एक येतात. “सर, दुकानासमोर उभा आहे.” यावर व्याख्यान दिलं तर तो फोन ठेवील. “जेवलास का? नाही? शेजारी काय मिळतंय? वडापाव घे, मी लाइनवर आहे.” तल्लफ बहुधा अर्ध्या तासात चढते आणि ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो. कधी आम्ही क्रिकेटवर बोलतो, कधी तो साहेबाला शिव्या देतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं आज काय आहे ते तोवर कळतंच.

कधी फोन येत नाही. तेव्हा मी करतो. “नव्वदच घेतली, सर.” स्लिप झालीय. रागावलो तर उद्या तो खोटं बोलेल, म्हणून विचारतो, “घेण्याआधीच्या तासाभरात काय झालं?” सकाळच्या कागदावर न आलेली एखादी गल्ली त्यातून सापडते. त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा झालं, तर मात्र मी त्याला डॉक्टरांकडे परत पाठवतो. नाल्ट्रेक्सोनसारखी तल्लफ कमी करणारी औषधं असताना फक्त गप्पांवर भागवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

रात्री 9

एए ची मीटिंग. इथे मी कोच नाही, खुर्चीवर बसलेला आणखी एक जण.

कोच शोधत असाल, तर त्याला आधी विचारा, तुमचं कोणत्या डॉक्टरांबरोबर काम चालतं? जो ‘डॉक्टर कशाला’ म्हणेल किंवा एकवीस दिवसांची गॅरंटी देईल, त्याला फी देऊ नका. आणि आज रात्रीच कुणाशी बोलायचं असेल, तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416. दोन्ही मोफत.