आपलं माजघर कुठं गेलं?

मालिका म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? जरीची साडी नेसून पोळ्या लाटणारी सून, कान लावून बसलेली जाऊ आणि वर्षानुवर्षं न सुटणारा गुंता. अशात एक मालिका वेगळी निघाली होती. झी मराठीवरची ‘दिल दोस्ती दुनियादारी’. आठवते ना?

९ मार्च २०१५ला ती सुरू झाली. दिग्दर्शक विनोद लव्हेकर. तीन मुलं, तीन मुली मुंबईत एका घरात एकत्र राहतात, भांडतात, हसतात, एवढीच गोष्ट. घराचं नाव ‘माजघर’. अमेय वाघचा कैवल्य, सुव्रत जोशीचा सुजय, पुष्कराज चिरपुटकरचा आशू, स्वानंदी टिकेकरची मीनल, पूजा ठोंबरेची अ‍ॅना आणि सखी गोखलेची रेश्मा. यातली रेश्मा खूप जणींना आपली वाटली. लग्न करून मुंबईत आलेली, आणि नवऱ्याचं मन दुसरीकडंच आहे हे कळलेली. अशा मुलीला आपल्याकडं दोनच वाटा सांगतात. माहेरी परत ये, नाहीतर मुकाट्यानं नांद. रेश्माला तिसरी वाट सापडली. ती मित्रमैत्रिणींच्या आधारानं उभी राहिली.

मालिका लागायची रात्री साडेदहाला. पहाटे पाचला उठणारी बाई तेवढ्या वेळ जागणार कशी? जागली तरी रिमोट तिच्या हाती असेलच असं नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये, वर्ष पुरं व्हायच्या आतच, मालिका संपली. तिच्या जागी ‘रात्रीस खेळ चाले’ आली. २०१७मध्ये हेच सहा कलाकार ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन आले. तीही सहाच महिने टिकली.

मालिका येतात नि जातात. पण मनाला लागतं ते वेगळंच. या मुलींना मनासारखी मैत्री करायला मुंबई लागली. मग मानोऱ्यासारख्या गावातल्या मुलीनं काय करावं?

पुरुषांना पानठेला आहे, चौक आहे, देवळाचा पार आहे. तिथं तासभर बसलं तरी कोणी विचारत नाही. तांड्यावरून, खेड्यावरून कॉलेजला येणाऱ्या पोरींना मात्र एसटी स्टँडच काय तो. तिथंही बस लागली की गप्पा अर्ध्यावर तुटतात. मग लग्न होतं. एक दिग्रसला जाते, एक कारंजाला, एक पुसदला. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत कधी गाठ पडलीच, तर कडेवर लेकरू असतं. “बरी आहेस ना?” “हो, बरी आहे.” झालं! एकेकाळी एका डब्यात जेवलेल्या या मैत्रिणी.

माजघर म्हणजे तरी काय होतं हो? जुन्या घरात स्वयंपाकघराच्या अलीकडची खोली. तिथं बायका धान्य निवडायच्या, वाती वळायच्या, आणि निवडता निवडता मन मोकळं करायच्या. आता स्लॅबची घरं आली. हॉल आहे, बेडरूम आहे, किचन आहे. माजघर तेवढं राहून गेलं.

ते परत आणायला भिंती बांधाव्या लागत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की आपण लगबगीनं उठतो. थोडं बसावं. एखादीच्या डोळ्यांत पाणी का आहे, हे हिशेबाच्या वहीत लिहिलेलं नसतं. जुन्या मैत्रिणीला फोन लावायला हळदीकुंकवाचं निमित्त कशाला हवं? रेश्मासारखी वेळ आली, तर पहिला फोन कुणाला करायचा, हे प्रत्येकीला ठाऊक असायला हवं.

आणि सासूबाईंनो, एक विनंती तुम्हाला. सुनेची मैत्रीण दारात आली, तर “कशाला आली होती?” असं मागाहून विचारू नका. त्या दिवशीचा चहा तुम्ही ठेवा, आणि त्या दोघींना आतल्या खोलीत निवांत बसू द्या.